एक गेम, चार टीव्ही : बाजारातल्या एव्ही स्प्लिटरची पारख

दिवाळी सरली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात आणि गेमच्या स्टॉलवाल्यांची जुनीच अडचण पुन्हा डोकं वर काढते. खेळणारे दोन, बघे चाळीस. मशीन एकच, पण एक टीव्ही खेळणाऱ्यांपुढे हवा, दुसरा स्टॉलच्या तोंडाशी गर्दीकडे वळवलेला, आणि स्पर्धा ठेवली असेल तर एक तार रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपला. तालुक्याच्या गेम पार्लरमध्येही हेच रडगाणं. एचडीएमआयवाल्या नव्या मशीनना याचा फारसा त्रास नाही. पीएस-टू, पीएस-वन आणि कॅसेटवाले टीव्ही गेम मात्र अजून पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही तारांवर (पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या) चालतात, आणि त्यांच्यासाठी दुकानात "स्प्लिटर द्या" म्हटलं की काउंटरवर निरनिराळ्या वस्तू येऊन पडतात. नाव सगळ्यांचं एकच असतं. पैसे वसूल करणाऱ्या त्यातल्या एखाद-दोनच.

सगळ्यात स्वस्त म्हणजे वाय-पिन. एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला दोन जॅक, पन्नास-शंभर रुपयांचा मामला. आवाजासाठी ती खुशाल घ्या. टीव्हीच्या ऑडिओ इनपुटचा रेझिस्टन्स दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे दोन काय, चार टीव्ही लावले तरी गेमच्या ऑडिओ आऊटपुटवर भार पडत नाही. पिवळ्या तारेचं गणित वेगळं आहे. व्हिडिओ गेममधून ७५ ओहमच्या रेझिस्टन्समधून बाहेर पडतो आणि टीव्हीत पुन्हा ७५ ओहमवर संपतो. आतले २ व्होल्ट या दोघांत निम्मे वाटले जातात आणि टीव्हीला बरोबर १ व्होल्ट मिळतो, त्यातला साधारण ०.७ चित्राचा आणि ०.३ सिंकचा, म्हणजे चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या खुणेचा. दुसरा टीव्ही त्याच तारेला जोडला की टोकाला ७५ ऐवजी ३७.५ ओहम होतात आणि दोघांनाही ०.६७ व्होल्टच मिळतात. तीन टीव्ही लावले तर ०.५. चार लावले तर ०.४.

चित्र काळवंडलं तर रिमोटने ब्राइटनेस चढवता येतो. सिंक चढवायला कुठलं बटण नाही. चार टीव्हींत ०.३ चा सिंक ०.१२ वर येतो. जुना सीआरटी (काचेच्या नळीचा जाड टीव्ही) दोन टीव्हींपर्यंत बहुधा सांभाळून घेतो, म्हणून वाय-पिन "चालते" अशी समजूत पसरली आहे. एलईडी टीव्ही आणि यूएसबी कॅप्चर स्टिक यांना तेवढी सहनशक्ती नसते. ते सिग्नल आधी डिजिटल करतात, आणि सिंक हातून सुटला की सरळ निळा पडदा टाकतात किंवा "नो सिग्नल" लिहितात. चित्र मध्येच येतं, मध्येच जातं, उजेडाच्या दृश्यात टिकतं आणि अंधाराच्या दृश्यात जातं किंवा याच्या उलट होतं, ही लक्षणं याच दुखण्याची. कॅसेटवाल्या स्वस्त गेममध्ये तर व्हिडिओ एका ट्रान्झिस्टरवर बाहेर काढलेला असतो आणि ७५ ओहमचं मापही अनेकदा पाळलेलं नसतं. तिथे दुसराच टीव्ही जड जातो.

एक गोष्ट मेकॅनिकांच्याही ध्यानात राहत नाही. टीव्ही बंद केला म्हणून त्याचा भार उतरत नाही. इनपुटवरचा ७५ ओहम जॅकला थेट लावलेला असतो, वीज असो वा नसो. भार काढायचा तर पिनच उपसावी लागते.

दुसरी वस्तू बटणांची डबी, तीन किंवा चार बटणं आणि मागे जॅकांच्या रांगा. हा खरा सिलेक्टर, म्हणजे तीन गेम एका टीव्हीला जोडायची सोय. उलटा लावला तर एक गेम तीन टीव्हींपैकी एकाला जातो, एका वेळी एकालाच. त्यासाठी तो चांगला आहे, कारण आत नुसती बटणं आहेत आणि बिघडण्यासारखं काही नाही. दोन बटणं एकदम दाबून दोन्ही टीव्ही चालवायची युक्ती दुकानदार सांगतील. ती झाली वाय-पिनच, फक्त महागातली.

आता मुद्द्याची वस्तू. एक इन, चार आऊट, बाजूला अ‍ॅडॅप्टरचं भोक आणि पुढे लाल दिवा. दुकानात "पॉवरवाला स्प्लिटर", कारागिरांच्या भाषेत डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर. हजाराच्या आसपास किंमत, कंपनीचं नाव बहुधा कुठेच नाही. नागपूरच्या सीताबर्डीत चौकशी केली की मिळतो, ऑनलाइनही येतो. याच्या आत काय असायला हवं ते सरळ आहे. येणारा १ व्होल्ट दुप्पट करायचा आणि प्रत्येक आऊटपुटला स्वतःचा ७५ ओहम देऊन सोडायचा, म्हणजे प्रत्येक टीव्हीला आपला पुरता १ व्होल्ट पोचतो आणि कोणाचा भार कोणावर पडत नाही. चांगल्या बोर्डावर यासाठी व्हिडिओचीच आयसी असते. टीएचएस ७३१४ सारखी तीन वाहिन्यांची आयसी दुप्पट करण्याचं काम आतच करते आणि फिल्टरही सोबत देते. स्वस्त बोर्डावर दोन-तीन ट्रान्झिस्टर असतात. नीट मांडले असतील तर तेही वाईट नाहीत.

अडचण अशी की याच रूपाच्या काही डब्यांत दिवा लावण्यापुरतीच वीज असते आणि व्हिडिओ नुसत्या तारेने चार जॅकना वाटलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच. म्हणून पैसे देण्याआधी मल्टिमीटर काढा. वीज न जोडता मीटर बझरवर ठेवा, एक टोक पिवळ्या इनपुटच्या मधल्या पिनेला आणि दुसरं पिवळ्या आऊटपुटच्या. बीप वाजला तर डबा परत. मग दोन आऊटपुटमध्ये मोजा. बीप वाजला तर तोही परत. १५० ओहमच्या आसपास आकडा आला तर आत एक अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रत्येक आऊटपुटला वेगळा ७५ आहे, चालेल. आकडा चढत चढत गेला तर आऊटपुटवर कपॅसिटर आहेत, त्याचं पुढे सांगतो. शेवटी इनपुटची मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात मोजा. तिथे ७५ च्या जवळपास आकडा यायला हवा. तो हजारांत आला तर गेमला हवा तो भार मिळणार नाही आणि चारही टीव्हींवर चित्र भगभगीत दिसेल.

मीटर नसेल तर टीव्हीच मीटर. गेम लावा, दोन टीव्ही जोडा, एकाकडे बघत दुसऱ्याची पिवळी पिन उपसा. पहिल्याचा उजेड तसूभरही हलला नाही तर डबा खरा. पिन काढताच पहिला उजळला तर नुसती तार. दुकानदाराला हे दाखवायला अर्धा मिनिट लागतो आणि वाद राहत नाही. त्यानंतर गेम थेट टीव्हीला लावून आणि मग डब्यातून लावून, त्याच टीव्हीवर तेच दृश्य पाहा. काही डब्यांत सिग्नल दुप्पट करायचाच राहिलेला असतो. चारही टीव्ही सारखे दिसतात, पण चारही मळके.

तिसरी परीक्षा पांढऱ्या पडद्याची. चार आऊटपुटांना मिळून अ‍ॅम्प्लिफायरने ऐन वेळी ५३ मिलिअँपिअर द्यायचे असतात, एकाला १३ च्या हिशेबाने. लहान ट्रान्झिस्टर तिथे दमतो. मग अंधारी दृश्यं छान आणि क्रिकेटच्या गेममध्ये पांढऱ्या पट्टीवरचे फिके आकडे गायब. म्हणून चारही टीव्ही लावूनच तपासा. दोन टीव्हींवर पास झालेला डबा चारांवर नापास होऊ शकतो.

डब्यावर मोठ्या अक्षरांत "पाल/एनटीएससी" लिहिलेलं असतं. ही रंगीत टीव्हीच्या दोन पद्धतींची नावं, पाल आपल्याकडची. त्याला भुलू नका. अ‍ॅम्प्लिफायरला ६२५ रेषा काय आणि ५२५ काय, दोन्ही सारख्याच. ४.४३ मेगाहर्ट्झचा पालचा रंग आणि ३.५८ चा एनटीएससीचा रंग दोन्ही त्यातून जातात. बाहेरच्या देशाची डिस्क लावल्यावर चित्र काळं-पांढरं आलं तर दोष टीव्हीत शोधा. डबा त्यात निर्दोष असतो.

आता कपॅसिटर. आऊटपुटला जो कपॅसिटर लावतात तो किमान ४७० मायक्रोफॅरडचा हवा, १००० असेल तर उत्तम. स्वस्त डब्यात १०० चा घालतात. १५० ओहमसोबत त्याचा टाइम कॉन्स्टंट (बराचसा रिकामा व्हायला लागणारा वेळ) १५ मिलिसेकंद होतो, आणि पालचं एक फिल्ड (पडद्यावर वरून खाली एक फेरी) २० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे वरून खाली येईपर्यंत सिग्नलची पातळी ढळते. पडद्याचा वरचा भाग एका उजेडाचा आणि खालचा दुसऱ्याच, किंवा चित्राचं डोकं वाकडं. आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर पडते. अकोला, चंद्रपूर भागात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या दुकानात त्याहून वर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. हिवाळ्यात ठीक चाललेला डबा मे महिन्यात चित्र फिरवू लागला तर आधी हे कपॅसिटर बदला, १०५ अंशांचे मागून घ्या. आऊटपुटला एक असे चार, वीस-तीस रुपयांत काम होतं. फुगलेल्या टोपीची वाट पाहू नका. सुकलेला कपॅसिटर बाहेरून ठणठणीत दिसतो.

डब्याचा सगळ्यात कमजोर भाग मात्र त्याच्यासोबत आलेला अ‍ॅडॅप्टर. जड, ट्रान्सफॉर्मरवाला, ९ व्होल्टचा. रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या पाण्यासाठी मोटारी सुरू झाल्या की गावाच्या टोकाला संध्याकाळी १७० व्होल्टही नीट मिळत नाहीत. त्या हिशेबाने ९ चे साडेसहा होतात. आत ७८०५ रेग्युलेटर असेल तर त्याला ५ व्होल्ट देण्यासाठी जवळपास ७ व्होल्ट लागतात. ते मिळाले नाहीत की वीजपुरवठ्याची लहर थेट चित्रावर उमटते. उपाय एकच. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस अ‍ॅडॅप्टर घ्या, तेवढ्याच व्होल्टचा आणि किमान ५०० मिलिअँपिअरचा. पिनेची दिशा डब्यावरच्या खुणेशी ताडून पाहा, मध्ये प्लस की बाहेर प्लस. उलटी लागली की पहिल्याच सेकंदाला आयसी जाते आणि बहुतेक डब्यांत बचावाचा डायोड नसतो. इन्व्हर्टर जुन्या चौकोनी लाटेचा असेल तर लाईट गेल्यावर चित्रात बारीक ठिपके चालू होतात. त्यावर साइनवेव्ह इन्व्हर्टरशिवाय तोडगा नाही.

पट्ट्यांचा रोग ओळखायला त्या मोजाव्या. पालचा गेम चालू असताना पडद्यावर दोन आडव्या काळसर पट्ट्या हळूहळू सरकत असतील तर दोष अ‍ॅडॅप्टरचा, कारण त्याची लहर सेकंदाला १०० वेळा येते आणि फिल्ड ५०. एकच जाड पट्टी असेल तर ती अर्थिंगच्या फेऱ्याची, म्हणजे वेगवेगळ्या अर्थिंगमुळे तारेतून फिरणाऱ्या करंटची. एनटीएससी गेममध्ये फिल्ड सेकंदाला ६० असल्याने याच पट्ट्या झपाझप पळतात आणि मोजता येत नाहीत, म्हणून तपासणी पालच्या गेमवरच करा. अर्थिंगचा फेरा तोडायला गेम, डबा आणि सगळे टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. कोणत्या टीव्हीला डिशची किंवा केबलची तार लागली असेल तर ती काढा, बहुतेक वेळा गुन्हेगार तीच असते. मंडईत जनरेटरवर चालवताना स्टॉलचा दुसरा टीव्ही शेजाऱ्याच्या बोर्डावरून घेण्याचा मोह टाळा. पक्क्या दुकानात काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगची पट्टी कोरडी पडते. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी आठवड्याला दोन बादल्या पाणी लागतंच.

दोन पिनांचे टीव्ही आणि गेम जोडताना बोटाला मुंग्या येतात, ती एसएमपीएसची गळती. माणसाला सहसा काही होत नाही, पण तिने आयसी मरते. म्हणून आधी सगळ्या पिना, मग वीज. आणि एव्ही जॅक नसलेल्या जुन्या टीव्हीला "आतून एव्ही काढून देतो" म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. त्या टीव्हीची चेसिस थेट लाईनला जोडलेली असू शकते. तिथून काढलेल्या पिवळ्या तारेच्या कडीवर करंट, कडीवरून डब्यात, डब्यातून गेममध्ये आणि गेममधून पोरांच्या हातातल्या रिमोटमध्ये.

अशा टीव्हीला आरएफनेच, म्हणजे अँटेनाच्या भोकातून चॅनेलवर, चित्र द्यावं. आणि इथेच दुसरी फसगत होते. केबलवाल्याचा छोटा लोखंडी स्प्लिटर पिवळ्या तारेला लावून पाहतात आणि काहीच दिसत नाही. दिसणारच नाही. त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं आणि कंपोझिट, म्हणजे पिवळ्या तारेतला, व्हिडिओ सगळा ५ च्या खालीच असतो. सिग्नल आधी मॉड्युलेटरने चॅनेलवर चढवला तर हाच स्प्लिटर सोन्यासारखा चालतो. कॅसेटवाल्या बऱ्याच गेममध्ये आरएफ आऊट असतोच. जुना व्हीसीआर असेल तर गेम त्याच्या एव्ही इनला लावा. त्याच्या लाइन आऊटमधून ताजा १ व्होल्ट मिळतो आणि आरएफ आऊटमधून यूएचएफचा चॅनेल. शिवाय ग्रामीण भागातलं केबल ३१ मार्च २०१७ च्या मुदतीनंतर डिजिटल झालं, तेव्हापासून केबलवाल्यांचे अ‍ॅनालॉग मॉड्युलेटर माळ्यावर धूळ खात आहेत. विचारलं तर भंगाराच्या भावात मिळतात. हेडएंडच्या (केबलवाल्याच्या मुख्य केंद्राच्या) मॉड्युलेटरचं आऊटपुट तगडं असतं, १०० डीबीच्या पुढे, आणि टीव्हीला ६० ते ८० डीबी मायक्रोव्होल्ट पुरतात. चार फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये ७ डीबी जातात. उरलेलं अ‍ॅटेन्युएटर लावून उतरवा, नाहीतर चित्रावर जाळी येते. आवाज मोनो मिळेल आणि अक्षरं थोडी फुटतील. गर्दीच्या टीव्हीला ते चालतं. फक्त सगळं तारेतच ठेवा, अँटेना लावून हवेत सोडू नका.

चौथी वस्तू सीसीटीव्हीच्या दुकानात मिळते, आणि टिकाऊपणात आमचा कौल तिलाच. जुन्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांचा सिग्नलही १ व्होल्ट, ७५ ओहमचाच, त्यामुळे त्यांचा व्हिडिओ डिस्ट्रिब्युटर गेमला जसाच्या तसा लागतो. लोखंडी पेटी, आतच वीजपुरवठा, पिळून बसणारे बीएनसी जॅक. गर्दीत कोणी तारेला अडखळलं तरी पिन निसटत नाही. बीएनसी ते आरसीए (नेहमीची एव्ही पिन) कन्व्हर्टर टोकाला लागतील. घेताना आकडे मात्र नीट वाचा. "४ इन ८ आऊट" म्हणजे एका इनपुटला दोनच आऊटपुट. एक गेम लावून आठ टीव्ही चालतील असं समजून पुष्कळ जण ती घेतात. एका वाहिनीचं आऊटपुट दुसऱ्या वाहिनीच्या इनपुटला देत गेलं तर चार वाहिन्यांतून पाच टीव्ही निघतात, फक्त शेवटच्या टीव्हीचं चित्र थोडं दाणेदार होतं. खरं हवं ते "१ इन ४" किंवा "१ इन ८". आवाजाची सोय या पेटीत नसते. तो वाय-पिनने वेगळा न्या.

तारेबद्दल थोडक्यात. बाजारातली तीन रंगी बारीक तार दोन-तीन मीटरला ठीक, पाचाच्या पुढे रंग फिके पडतात. लांब जायचं तर सीसीटीव्हीवाल्यांची "३+१" तार घ्या, तिच्यातली कोएक्स (चित्राची जाळीदार तार) ७५ ओहमची असते. उरलेल्या तीन तारांतल्या दोन आवाजाला वापरता येतात, तिसरी ग्राउंडला. जिनिंगच्या गावांत, हिंगणघाटसारख्या, सरकीचा तूस डब्याच्या भोकांत बसतो. महिन्याला फुंकणी मारा.

गर्दीसाठी एलईडी आणि खेळणाऱ्यांसाठी सीआरटी, ही वाटणी उलटी करू नका. एलईडी चित्रावर प्रक्रिया करूनच दाखवतो, जुन्या गेमचं सलग चित्र त्याला इंटरलेस (एकाआड एक रेषांचं) वाटतं, आणि काही फ्रेमचा उशीर होतो. बटण दाबल्यावर बॅट उशिरा फिरते. दोन्ही टीव्हींचा आवाज चालू ठेवला तर घुमतो, एकाचा बंदच ठेवा. नॅमकोच्या गनकॉनसारखी बंदूक फक्त सीआरटीवर चालते. तिची पिवळी पिन सिंक वाचण्यापुरतीच असते, म्हणून ती सीआरटीच्या तारेला सोबत लावली तरी चित्र मंदावत नाही. सगळेच टीव्ही एलईडी असतील तर एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर आणि पुढे एचडीएमआय स्प्लिटर हा रस्ता सोपा, उशीर मान्य असेल तर.

पीएस-टूची कंपोनंट केबल वापरत असाल तर वरचा एकही कंपोझिट डबा कामाचा नाही. हिरवी, निळी, लाल या तिन्ही तारांत व्हिडिओ असतो आणि या डब्यात व्हिडिओचा अ‍ॅम्प्लिफायर एकच, बाकी दोन आवाजाचे. त्यासाठी तीन वाहिन्यांचा कंपोनंट स्प्लिटर वेगळा मागा आणि वरच्या परीक्षा तिन्ही रंगांवर करा. तरी रंग विचित्र आले तर डब्याला दोष देण्याआधी पीएस-टूच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जा. तिथे कंपोनंट व्हिडिओ आऊट "आरजीबी"वर राहिलेलं असतं. ते "वाय सीबी/पीबी सीआर/पीआर" करायचं, आणि ते कंपोझिट तारेवर पडदा दिसत असतानाच करून ठेवायचं.